गांधीजी नरकात गेले का?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका चर्चनं कलाप्रदर्शन भरवलं होतं. तिथल्या एका कलाकृतीत महात्मा गांधींचं वचन होतं, आणि त्यावर कोणीतरी चिठ्ठी डकवून गेलं की हा माणूस तर नरकात आहे. त्या चर्चचे पास्टर रॉब बेल यांनी २०११ साली 'लव्ह विन्स' हे पुस्तक लिहिलं, ते या चिठ्ठीपासूनच सुरू करून. पुस्तकावरून एवढा गदारोळ झाला की 'टाइम' साप्ताहिकानं नरकावर मुखपृष्ठकथा छापली.

आपल्याकडे हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो. आयुष्यभर सचोटीनं वागलेला माणूस केवळ येशूला मानत नाही म्हणून अनंतकाळ जळत राहणार असेल, तर हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारताना ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो, त्यातल्या बऱ्याच अर्ध्याच खऱ्या आहेत.

गैरसमज: ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही तो नरकात जातो, असं चर्च शिकवतं

हा समज हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनं १४४२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केलं होतं की मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटून निघालेले ख्रिस्ती मरणापूर्वी कॅथलिक चर्चमध्ये आले नाहीत, तर सार्वकालिक अग्नीत जातील. 'आम्ही असं कधी शिकवलंच नाही' म्हणणाऱ्या मंडळींनी तो ठराव एकदा डोळ्यांखालून घालावा. त्यामागचा हिशेब असा होता की येशूची वार्ता जगभर पोचलेली आहे, तेव्हा जो बाहेर आहे तो जाणूनबुजून बाहेर आहे. पुढच्या पन्नास वर्षांत कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि हा हिशेब मोडला. ज्यांच्या कानावर येशूचं नावही गेलं नव्हतं असे लाखो लोक एकाएकी समोर आले.

या पेचाचं एक जिवंत वर्णन गोव्याशी जोडलेल्या माणसानं लिहून ठेवलं आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये जपानात कागोशिमाला उतरले. परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत त्यांनी कोचीनहून युरोपला लांबलचक पत्र धाडलं. जपानी लोक त्यांना विचारत, देव एवढा दयाळू आहे तर त्यानं आमच्या वाडवडिलांना इतकी वर्षं काहीच का कळवलं नाही? झेवियर सांगत की खून करू नये, चोरी करू नये हे तुम्हाला कोणी शिकवण्याआधीच ठाऊक होतं. ते देवानंच तुमच्या मनात लिहून ठेवलं होतं. इथवर ठीक. पण मग लोक पुढचं विचारत. नरकात गेलेल्या आईबापांना प्रार्थनेनं, दानधर्मानं सोडवता येईल का? झेवियर नाही म्हणत. ते ऐकून नवे ख्रिस्ती रडत, आणि आपल्या जिवलगांचं ते रडणं पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं झेवियर लिहितात. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवाच्या दर्शनाला रांगा लागतात, त्या संताला या शिकवणीचा सल होता, ही गोष्ट मला त्यांच्याबद्दलच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा महत्त्वाची वाटते.

त्याच शतकाच्या शेवटी, १५९९ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांनी केरळात उदयम्पेरूरला धर्मसभा बोलावली. तिथल्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाच्या ज्या 'चुका' सभेनं निषिद्ध ठरवल्या, त्यांत ज्याचा त्याचा धर्म त्याला तारतो, हे मतही होतं. शेकडो वर्षं हिंदू शेजारात राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना जे सहज पटलं होतं, ते पोर्तुगीजांनी हुकूम काढून बंद केलं.

रोमची भूमिका बदलत गेली ती हळूहळू. नवव्या पायस पोपनी १८६३ साली लिहिलं की ज्यांचं अज्ञान त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि जे आपल्या सदसद्विवेकाला धरून प्रामाणिकपणे जगतात, त्यांना तारण मिळू शकतं. जाणूनबुजून अपराध न केलेल्याला देव सार्वकालिक शिक्षा देत नाही. बॉस्टनचे लिओनर्ड फीनी नावाचे धर्मगुरू मात्र चर्चबाहेर तारण नाही हे वचन अक्षरशः घ्यायचं यावर अडून बसले. १९४९ मध्ये रोमनं त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला, आणि बोलावूनही ते हजर झाले नाहीत तेव्हा १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. चर्चबाहेर तारण नाही म्हणणारा गृहस्थच चर्चबाहेर गेला! शेवटी १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं अन्यधर्मीयांचीच नव्हे, तर देवाची स्पष्ट ओळख न झालेल्यांचीही तारणाची वाट मोकळी असल्याचं लिहून टाकलं.

अर्थात हे कॅथलिकांचं झालं. प्रॉटेस्टंटांना पोप नाही, एक सर्वमान्य निवाडाही नाही. त्यांतले बरेच इव्हँजेलिकल आजही मानतात की जिवंतपणी येशूवर उघड विश्वास ठेवल्यावाचून सुटका नाही. गांधीजींच्या वचनावर चिठ्ठी लावणारा त्याच विचाराचा असावा.

गैरसमज: ही शिक्षा विश्वास न ठेवल्याबद्दल असते

पारंपरिक शिकवणीत शिक्षा पापाची असते आणि विश्वास हा त्यातून सुटण्याचा मार्ग. रोगी दगावतो तो रोगानं, औषध न घेतल्यानं नव्हे, असा दाखला प्रवचनांतून देतात. दाखला ठसठशीत आहे, पण जरा ताणला की फाटतो. औषध गावात पोचलंच नसेल तर? शिवाय रोग किती जीवघेणा असावा हे इथे वैद्यानंच ठरवलेलं आहे.

बायबल उघडलं तर चित्र याहून गुंतागुंतीचं दिसतं. सार्वकालिक शिक्षेचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मेंढरं एकीकडे, शेरडं दुसरीकडे असा तो शेवटचा निवाडा. तिथे कोणाला श्रद्धेबद्दल एक प्रश्नही विचारला जात नाही. भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला कपडे दिलेत का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटलात का, एवढंच पाहिलं जातं. गंमत म्हणजे दोन्ही बाजूचे लोक निकाल ऐकून चकित होतात. लूकच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा ठाऊक असून चुकलेल्या चाकराला जास्त फटके आहेत, ठाऊक नसलेल्याला कमी.

पण याच्या उलट जाणारी वचनंही आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. योहानच्या शुभवर्तमानात विश्वास न ठेवणारा आधीच दोषी ठरला आहे असं म्हटलं आहे. मार्कच्या शेवटच्या अध्यायातही तसंच वाक्य येतं, मात्र तो शेवटचा भाग चौथ्या शतकातल्या दोन जुन्या प्रसिद्ध हस्तलिखितांत नाही. एकाच ग्रंथात दोन्ही सूर असल्यामुळेच हा वाद मिटत नाही.

गैरसमज: उकळत्या कढया आणि शिंगवाले सैतान बायबलात आहेत

बायबलात अग्नी आहे, अंधार आहे, दात खाणं आहे. मजल्यामजल्यांचा नरक आणि पापागणिक ठरवलेल्या यातना आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या मुख्यतः मध्ययुगीन चित्रांतून आणि दान्तेच्या काव्यातून. त्या दान्तेच्या नरकाच्या तळाशी सैतान बर्फात गाडलेला आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या जुलैत सांगितलं की नरक म्हणजे एखाद्या ठिकाणापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं दूर गेलेल्यांची अवस्था.

गैरसमज: शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना सुचलाच नाही

साठसत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला न संपणारी शिक्षा, हे प्रमाण बसवायचं कसं? अकराव्या शतकातल्या धर्मपंडित अँसेल्मच्या विचारातून निघालेलं उत्तर असं, की अपराध किती मोठा हे ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवरून ठरतं. देव अनंत, म्हणून अपराधही अनंत. सरदार आणि कूळ यांच्या समाजात हे चटकन पटलं असेल. कायद्यापुढे सगळे सारखे असं शिकलेल्या वाचकाला पटणं कठीण आहे. आणि ज्याला देवाची थोरवी कळलेलीच नाही, त्यानं अनंत अपराध केला कसा?

तत्त्वज्ञ लायब्निट्सनं १७१० साली वेगळी बाजू मांडली: शिक्षा संपत नाही कारण नरकातलं पाप संपत नाही. आज बरेच ख्रिस्ती लेखक याच वाटेनं जातात. देव कोणाला ढकलत नाही. माणूस स्वतःच पाठ फिरवतो आणि देव त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखतो. कॅथलिक चर्चची अधिकृत प्रश्नोत्तरीही सांगते की देवानं कोणाचंही नशीब आधीच नरकात लिहिलेलं नाही. हे उत्तर सर्वांत सभ्य आहे. पण मग मेल्यावर पाठ पुन्हा वळवता का येऊ नये? निवडीची मुदत मृत्यूपाशीच का संपावी? माझ्या मते सगळी गाठ इथे आहे, आणि ती सुटलेली मी कुठे वाचलेली नाही.

काहींनी ही मुदतच नाकारली. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेननं शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा मांडली. सहाव्या शतकात त्याच्या नावावरची मतं धिक्कारली गेली, पण तशाच विचाराचा निसाचा ग्रेगरी संत म्हणून आजही पूजनीय आहे. इंग्लंडात १८६४ साली प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. शेवटी सर्वांना क्षमा होईल अशी आशा छापणाऱ्या पाद्र्याला सर्वोच्च न्यायपीठानं निर्दोष ठरवलं, तर निषेधाच्या निवेदनावर सुमारे ११,००० पाद्र्यांनी सह्या केल्या. तेरा वर्षांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत सार्वकालिक यातनांविरुद्ध प्रवचनं देऊन खळबळ उडवणारे फ्रेडरिक फरार हे १८३१ साली जन्मले ते आपल्या मुंबईत. तिसरा पक्ष म्हणतो की पापी शेवटी नष्ट होतात, कायम तळमळत नाहीत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हेच मानतात. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच.

गैरसमज: आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही

हिंदू परंपरेत नरक सहसा मुदतीचा असतो. कर्म भोगून संपलं की सुटका. पण मध्वाचार्यांच्या मतात काही जीव स्वभावतःच अंधतमस या काळोख्या नरकाचे अधिकारी आहेत आणि तिथून परत येणं नाही. गोव्याच्या पर्तगाळी मठाची परंपरा याच मध्वमताची.

शिवाय हा वाद मराठी घरातल्या एका माणसानं दोन्ही बाजूंनी लढवला आहे. काशीत वाढलेले चित्पावन नीलकंठशास्त्री गोरे यांनी विशीच्या आतबाहेर असताना, १८४४-४५ मध्ये, मिशनऱ्यांना उत्तर म्हणून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला. थोड्या पापाला न संपणारा नरक देणारा ईश्वर न्यायी कसा, हा त्यांच्या आक्षेपांचा रोख. १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्यात पुढे त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. आणि १८६८ साली याच गोऱ्यांनी कलकत्त्याहून एक पुस्तिका काढली, ती सार्वकालिक शिक्षेवरच्या आक्षेपांना उत्तर देण्यासाठी.