चंद्रपूर ते भामरागड : नदीकाठची सहल

समुद्र आमच्यापासून फार लांब. त्यामुळे लहानपणीच्या सहली नदीकाठच्याच. या हिवाळ्यात आई-बाबांना आणि मुलांना घेऊन तोच जुना रस्ता पुन्हा केला.

पहिला थांबा मार्कंडा, चामोर्शी तालुक्यात. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथं वळून उत्तरवाहिनी होते. देवळांच्या भिंतींवरच्या मूर्ती बघायला दोन तास तरी हवेतच. आजी दर महाशिवरात्रीला इथल्या यात्रेला यायची. तिच्या आवडत्या घाटावर बसूनच भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली.

आलापल्लीच्या पुढं सागवान दाट होत जातं. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा जपलेला जंगलाचा तुकडा याच वाटेवर आहे. २०१४ साली तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. मुलांनी एका सागाला कवेत घ्यायचा प्रयत्न केला, तिघांचे हात पुरले नाहीत!

हेमलकसाला बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथून भामरागड अगदी जवळ. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथं एकत्र येतात. संध्याकाळी त्या संगमावर माझे बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला ती सगळ्या सहलीतली सर्वांत सुंदर वेळ वाटते.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, गाडीची टाकी आलापल्लीलाच भरा आणि प्लास्टिक परत घेऊन या.