सैतान : शत्रू, प्रतीक की सबब?

‘सैतान’ हा शब्द आपल्या बोलण्यात फार सहजपणे येतो. खोडकर मुलाला आई लाडाने सैतान म्हणते, वर्तमानपत्रे क्रूर गुन्हेगाराला सैतान म्हणतात आणि घरात दुखणे किंवा भांडण आले की ‘हे सैतानाचे काम’ असे म्हणून मोकळे होणारे भाविकही आपल्या धर्मग्रामांत आहेत. आता इंटरनेटमुळे ‘सैतानवाद’ हा आणखी एक शब्द तरुणांच्या कानी पडू लागला आहे. पालक त्याने धास्तावतात, तरुणांना त्याचे कुतूहल वाटते. म्हणून सैतानाविषयी कोण काय मानतो, आधुनिक सैतानवादाचे तत्त्वज्ञान काय आहे आणि ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, याचा थोडक्यात विचार करणे उचित ठरेल.

शीळफाट्यावर मुंब्रा, कल्याण-डोंबिवली, महापे आणि पनवेल या दिशांचे रस्ते एकत्र येतात. तेथील वाहतुकीच्या कोंडीत रोज सकाळी मुस्लिम, हिंदू, बौद्ध आणि ख्रिस्ती माणसे शेजारी शेजारी खोळंबलेली असतात. वाईटाचे मूळ कोठे आहे, या प्रश्नाचे प्रत्येकाच्या परंपरेने दिलेले उत्तर मात्र वेगळे आहे.

मूळ हिब्रू भाषेत ‘सैतान’ म्हणजे विरोधक, आरोप करणारा. योबच्या ग्रंथात तो परमेश्वराच्या दरबारात उभा राहून त्या नीतिमान माणसावर संशय घेतो. परंतु परमेश्वराच्या अनुज्ञेपलीकडे त्याला एक पाऊलही टाकता येत नाही. इस्लाममध्ये इब्लिस आदमपुढे नमण्यास नकार देतो, कारण आपण अग्नीपासून आणि आदम मातीपासून घडला, याचा त्याला गर्व असतो. तो माणसाच्या मनात कुजबुज करू शकतो, बळजबरी करू शकत नाही. बौद्ध परंपरेत बोधिप्राप्तीच्या वेळी मार सिद्धार्थ गौतमाला विचलित करू पाहतो. हिंदू परंपरेत सैतानासारखी एकच एक व्यक्ती नाही. तेथे काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू माणसाच्या आतच वसलेले मानले आहेत. गोव्यात तर एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. तेथील अनेक हिंदूंसाठी ‘देवचार’ हा गावाचा राखणदार, तर ख्रिस्ती बोलीत देवचार म्हणजे सैतान. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी भीतीचे नाव कशी होते, हे त्यावरून ध्यानी यावे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे सुस्पष्ट आहे. चांगला देव आणि वाईट देव अशा दोन समान शक्ती जगावर राज्य करतात, हे मत १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने नाकारले. देवाने सर्व काही चांगलेच निर्माण केले. काही देवदूत स्वतःच्या निवडीने दुष्ट झाले, असे त्या परिषदेने सांगितले. १९७२ च्या नोव्हेंबर महिन्यात पोप सहावे पॉल यांनी सैतान ही केवळ कल्पना नसून वास्तव आहे, याची भाविकांना आठवण करून दिली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हीच शिकवण आहे. सैतान आहे, परंतु तो देवाचा प्रतिस्पर्धी नव्हे. तो निर्मिलेला जीव आहे आणि त्याची शक्ती मर्यादित आहे. तो मोह घालू शकतो, परंतु होकार आपणच देतो.

आता आधुनिक सैतानवादाकडे वळू. अँटन लाव्हे यांनी १९६६ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केले आणि १९६९ साली ‘द सटॅनिक बायबल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अनेकांना नवल वाटेल, परंतु लाव्हे यांचे अनुयायी सैतानावर श्रद्धा ठेवीत नाहीत. ते नास्तिक आहेत. सैतान हे त्यांच्या लेखी अभिमान, देहसुख आणि बंडखोरी यांचे प्रतीक होय. माणसाने स्वतःलाच देव मानावे, शत्रूवर प्रीती करू नये, आपल्या इच्छा दडपू नयेत, असा त्या विचाराचा सूर आहे. मुलांना इजा करू नये, असेही लाव्हे यांच्या नियमांत आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७५ साली त्यांच्यातून फुटून निघालेला ‘टेम्पल ऑफ सेट’ मात्र सेट या प्राचीन इजिप्तच्या दैवताला खरोखर अस्तित्वात असलेली शक्ती मानतो. २०१३ साली पुढे आलेले ‘द सटॅनिक टेम्पल’ लाव्हे यांच्याहून वेगळे आहे. तेही नास्तिकच, परंतु करुणा, विज्ञाननिष्ठा आणि धर्म व शासन यांची फारकत यांवर त्याचा भर आहे. हे सर्व एकाच माळेचे मणी नव्हेत. यांपैकी कशाचेही नाव काढणारा तरुण लगेच नरबळी देणाऱ्यांच्या टोळीत गेला, असे समजणे अन्यायाचे होईल.

अशा समजुतीचे परिणाम जगाने पाहिले आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या मुलांवर अत्याचार करतात, अशी भीती पसरली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीवरील खटला १९९० साली एकाही दोषसिद्धीविना संपला. परंतु दरम्यान अनेकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली होती.

आपल्या महाराष्ट्रातही हा धोका कायद्याने ओळखला आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हेही गुन्हेच आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत होऊ शकते. भाविकांनी या कायद्याने बिचकण्याचे कारण नाही. दुष्टात्मा काढण्याचा विधी महागुरुस्वामींच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही आणि ते दुखणे वैद्यकीय तर नाही ना, याची आधी खात्री करावी लागते, असा ख्रिस्तसभेचाही दंडक आहे. घरात कोणी भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर प्रार्थना अवश्य करावी. परंतु मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.

मग सैतान खरोखर कोठे काम करतो? पुन्हा शीळफाट्याकडे पाहू. ४ एप्रिल २०१३ रोजी सायंकाळी तेथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक लहान मुले होती. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहू लागली होती. पुढे बांधकाम व्यावसायिकांबरोबरच पालिकेचे अधिकारी आणि पोलीस यांनाही अटक झाली. न्यायनिवाडा न्यायालयाचा, परंतु विवेकाला पडणारा प्रश्न सर्वांचाच आहे. अनधिकृत मजला चढताना तेथे शिंगांचा, शेपटीचा कोणी येत नाही. एक जण नफा पाहतो, दुसरा सही करतो, तिसरा पाकीट घेतो, चौथा पाहूनही मान फिरवतो. प्रत्येकाचा वाटा इतका लहान असतो की कोणालाच आपण दुष्ट आहोत, असे वाटत नाही.

अरण्यात प्रभू येशूपुढे आलेले मोह याच जातीचे होते : भाकर, सत्ता आणि वैभव. लाव्हे यांच्या विचाराशी आमचा खरा मतभेद येथे आहे. अंधश्रद्धेवरील त्यांची टीका आपण ऐकून घेऊ शकतो. परंतु ‘मी’ हाच अखेरचा मापदंड ठरला, तर खालच्या मजल्यावर झोपलेल्या मुलाचा विचार कोणी करायचा? हा प्रश्न सैतानवाद्यांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावा, कारण सैतानाचे नावही न घेता ‘मी’ची पूजा मिस्साला जाणाऱ्या घरांतही चालते.

पास्खाच्या जागरण-विधीत आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतो. त्या वेळी आपण केवळ सैतानाला नव्हे, तर त्याच्या सर्व कृत्यांनाही नाकारतो. हे शब्द उच्चारताना सून, शेजारी किंवा आजारी नातलग डोळ्यांपुढे आणू नये. आपली स्वतःची एखादी सही, एखादा व्यवहार, एखादे सोयीचे मौन डोळ्यांपुढे आणावे. शिकवण्याच्या वयाची मुले घरी असतील, तर त्यांच्या प्रश्नांना रागाने नव्हे, माहितीने उत्तर द्यावे. भीतीपेक्षा सत्य अधिक बळ देते, हा आमचा विश्वास आहे.