मायनरच्या रकान्यात काय लिहायचे?

जून उजाडला की आमच्या समाजमंदिरातील अभ्यासिकेत फॉर्म घेऊन येणाऱ्या मुला-मुलींची गर्दी होते. आम्ही कचेरीतील कारकून. दिवसभर इतरांचे अर्ज तपासतो आणि संध्याकाळी आपल्या मुलांचे भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, शिष्यवृत्ती ही आमच्या रोजच्या हातातली कामे. परंतु २०२५ च्या जूनमध्ये एका मुलीने आणलेल्या कागदावर आमचे पेन थांबले.

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेलेली. आई विड्या वळते, वडील नगरच्या एमआयडीसीत हेल्पर. कागदावर एक रकाना होता, ‘मायनर विषय’. ती म्हणाली, “मामा, मेजर मराठी घेतलंय. मायनरला काय लिहू? मैत्रिणी म्हणतात, सोपा असेल तो लिही.” आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “भाऊ, बारका विषय आहे ना? मग त्याचा एवढा इचार कशाला?”

आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा असा रकानाच नव्हता. कॉमर्स घेतले की सगळे विषय ठरलेले. म्हणून अगोदर आम्हीच चार ठिकाणी चौकशी केली. जे समजले ते सर्व पालकांच्या कानावर घालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मायनर म्हणजे बारका नव्हे

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. त्याप्रमाणे पदवीचा आराखडा कसा असावा, याचा शासन निर्णय महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ रोजी निघाला. आधी स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत तो लागू झाला. आपल्या जिल्ह्यातील कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली असल्याने तीही त्यात आली.

या आराखड्यात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. पंधरा तासांची शिकवणी म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. मुख्य विषय तो मेजर. त्याच्या जोडीला वेगळ्या ज्ञानशाखेतला दुसरा विषय तो मायनर. त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. म्हणजे पदवीचा सहावा-सातवा हिस्सा. घरातल्या सात भाकरींतली एक भाकरी बारकी म्हणून कोणी फेकून देत नाही.

मायनर पदवीच्या आतच असतो. त्यासाठी वेगळा प्रवेश घ्यावा लागत नाही. मराठीच्या मुलीला अर्थशास्त्र आणि कॉमर्सच्या मुलाला मानसशास्त्र शिकता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. मात्र कॉलेज जे विषय देते त्यातूनच निवड करावी लागते.

आम्हाला आठवला कोरोनाचा काळ

यादी चाळताना त्या मुलीने विचारले, “मामा, शिकवण्याचंच शिक्षण असतं का? म्हणजे मोबाईलवर, टीव्हीवर कसं शिकवायचं त्याचं?” असते. त्याला शिक्षण-तंत्रज्ञान म्हणतात. मुंबईला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबईच्या आयआयटीमध्ये २०१० पासून या विषयात पीएचडी करता येते. अमेरिकेत काही विद्यापीठांत तो पदवीचा मायनर म्हणूनही शिकवतात.

हा प्रश्न तिला का पडला, ते आम्हाला ठाऊक होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती आठवी-नववीच्या वयाची. घरात तीन भावंडे आणि मोबाईल एक. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. सरांनी सकाळी व्हॉट्सअपवर टाकलेला धडा मुले रात्री बघत, तेव्हा बॅटरी संपलेली असे किंवा नेट संपलेले असे. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलिमिली’ ही मालिका सुरू झाली. वस्तीत टीव्ही पुष्कळांकडे होता, म्हणून ती मुलांना सोयीची पडली.

त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस टॅब घेऊन वस्तीत आला. “तुमचा मुलगा इंजिनिअर होईल,” असे सांगून त्याने कागदावर सह्या घेतल्या. हप्ते सुरू झाले. टॅबमधला धडा इंग्रजीत आणि मुलगा मराठी माध्यमात. तो टॅब आज कपाटात आहे. तो हप्त्याचा कागद न वाचता शेजाऱ्याला “घे, चांगले आहे,” असे सांगणारे आम्हीच होतो. ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

वाचकहो, यंत्र घरात आले म्हणून शिक्षण घरात येत नाही. कोणाला शिकवायचे, त्याच्या घरी काय आहे, त्याची भाषा कोणती, हे कोणीतरी अगोदर विचारावे लागते. तो विचार करण्याची विद्या म्हणजे शिक्षण-तंत्रज्ञान.

या विषयात शिकवतात काय?

खडू-फळा हेसुद्धा तंत्रज्ञानच. या अभ्यासात पाच पायऱ्या सांगतात. शिकणारा कोण आणि त्याची अडचण काय ते पाहणे, धड्याचा आराखडा करणे, धडा तयार करणे, तो प्रत्यक्ष वापरणे आणि शेवटी मुलाला खरोखर आले की नाही हे तपासणे. तपासताना उणीव दिसली की पुन्हा मागे जाऊन दुरुस्ती.

यातले बरेचसे आपल्या घरांनी पाहिले आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. आपल्यातील कितीतरी कामगार बंधू-भगिनी तेथून पदवीधर झाले. त्यांच्या पुस्तकात मजकुराच्या मध्येच प्रश्न येतो आणि उत्तर पाठीमागे असते. रात्रपाळी करून एकट्याने अभ्यास करणाऱ्याला समोर मास्तर नसतो, म्हणून पुस्तकालाच मास्तर केले आहे. अमेरिकेत स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात शिकवण्याचे यंत्र बनवले, त्यातही हेच तत्त्व होते: लहान लहान घास द्या आणि बरोबर की चूक ते लगेच सांगा.

आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीवरून शिक्षण देण्याचा प्रयोग झाला. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. तिने मुलांसाठी असंख्य मराठी कार्यक्रम केले. ती संस्था २०१७ साली बंद पडली. त्याच वर्षी केंद्राचे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे दोन ऑनलाइन मंच सुरू झाले.

आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. परंतु त्याच्या जोडीला मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी धडे त्या भाषेत आणले, ही गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

नगरला तर या विद्येचा मान जुना आहे. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेतले ते याच नगरमध्ये, मिस सिंथिया फरार यांच्याकडे. शिकवायचे कसे, हेसुद्धा शिकावे लागते, हे त्या माउलीने तेव्हाच ओळखले होते.

पालकांनी काय विचारावे?

हा विषय प्रत्येक कॉलेजात मायनर म्हणून मिळेलच असे नाही. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी कॉलेजात जाऊन विचारा: मायनरच्या यादीत कोणकोणते विषय आहेत? शिकवायला प्राध्यापक आहेत का? मुले कमी आली तर विषय बंद होईल का? ‘स्वयम्’वरचा अभ्यासक्रम केला तर त्याचे क्रेडिट धरता का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यास तेथून करण्यास वाव आहे, पण कॉलेजची आगाऊ संमती घ्यावी. तेथे शिकणे मोफत आहे, परीक्षेची फी भरावी लागते.

आपण अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतोच. तो पदवीसाठी असतो, मायनरसाठी वेगळा अर्ज नको. तेव्हा “मायनरसाठी आमचा खास कोर्स लावा,” असे सांगून कोणी पैसे मागितले तर दाराबाहेरच थांबवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मायनर केला म्हणून नोकरी हातात पडत नाही. शाळेत शिक्षक व्हायचे तर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि पात्रता परीक्षा चुकत नाही. परंतु मराठी उत्तम येणाऱ्या मुलीला धडा रचता आला, तर पुस्तके, ध्वनिफिती, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याच्या कामात तिला जागा आहे.

त्या मुलीच्या कॉलेजच्या यादीत शिक्षण-तंत्रज्ञान नव्हते. ती हिरमुसली. मग आम्ही दोघांनी यादी पुन्हा वाचली. माणूस शिकतो कसा, याचे मूळ मानसशास्त्रात आहे, म्हणून तिने रकान्यात मानसशास्त्र लिहिले आणि शिक्षण-तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर धरला. क्रेडिटचे काय ते कॉलेजला विचारूनच.

या उन्हाळ्यात ती अभ्यासिकेतील चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होती. मोबाईलवरचा व्हिडिओ मुलांना समजेना. त्यात केक कापत होते. तिने व्हिडिओ बंद केला आणि विचारले, “हजार विड्या वळल्या. पंचवीसचा एक कट्टा. कट्टे किती?” वस्तीतल्या मुलांना कट्टा सांगावा लागत नाही. चाळीस, असे उत्तर आले. मग तोच हिशेब तिने आईच्या आवाजात मोबाईलवर भरला आणि मुलांच्या घरी पाठवला. धड्याआधी पाच गणिते, धड्यानंतर पाच गणिते, कोणाची किती चुकली हे तिने वहीत लिहून ठेवले. ज्यांची चुकली, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी दुसरा धडा.

आई आम्हाला म्हणाली, “भाऊ, माझा आवाज शाळंत गेला.”

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांसाठी धडे कोणी ना कोणी रचणारच आहे. ते रचणाऱ्यांत ज्याच्या घरात एकच मोबाईल होता असा मुलगा किंवा मुलगी असली, तर केकच्या जागी कट्टा येईल. येत्या जूनमध्ये तुमच्या घरात तो कागद येईल, तेव्हा मायनरचा रकाना घाईने भरू नका. मुलांबरोबर बसा, यादी मोठ्याने वाचा. अडले तर आमच्या अभ्यासिकेचे दार संध्याकाळी उघडे असते.