मिन्स्ट्रेल शो ते ऑथेल्लो : लेनी हेन्रीची वाटचाल

जमैकाहून इंग्लंडमध्ये आलेल्या कुटुंबात, डडली गावी १९५८ साली ब्रिटिश विनोदी नट लेनी हेन्रीचा जन्म झाला. ‘न्यू फेसेस’ ही टीव्हीवरची स्पर्धा त्याने १९७५मध्ये जिंकली, तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. नकला हेच त्याचं भांडवल. त्या जोरावर काम मिळालं ते मात्र ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’मध्ये. तिथे गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून नाचायचे-गायचे आणि त्यांच्या मेळ्यात हा कृष्णवर्णीय पोरगा विनोद सांगायचा. हे सुमारे पाच वर्षं चाललं. त्या दिवसांची खंत त्याने पुढे जाहीरपणे बोलून दाखवली.

ऐंशीच्या दशकात ‘थ्री ऑफ अ काइंड’ या विनोदी कार्यक्रमाने त्याला घराघरांत नेलं. पाठोपाठ स्वतःच्या नावाचा शो आला. १९८५मध्ये लेखक रिचर्ड कर्टिसबरोबर त्याने ‘कॉमिक रिलीफ’ ही मदतसंस्था उभी केली. ‘शेफ!’ मालिकेतला तापट गॅरेथ ब्लॅकस्टॉक साकारताना त्याच्यातला नटही दिसू लागला.

शेक्सपिअरची मात्र त्याला धास्ती होती. बीबीसी रेडिओसाठी त्याने २००६मध्ये शेक्सपिअरवरच एक मालिका केली. त्या निमित्ताने दिग्दर्शक बॅरी रटर भेटला आणि २००९मध्ये लीड्सला लेनी ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. देवलांच्या ‘झुंजारराव’ या रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांना परकं नाही. लॉरेन्स ऑलिव्हिएने हीच भूमिका १९६५च्या चित्रपटात काळा रंग लावून केली होती, हे लक्षात घेतलं की लेनीच्या तिथे उभं राहण्याचं मोल कळतं. पुढे प्रयोग लंडनला गेला. पन्नाशी गाठलेल्या या नटाला ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ने नवोदिताचा पुरस्कार दिला!

त्यानंतर नॅशनल थिएटरमधलं ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ आणि ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’मधला ट्रॉय मॅक्सन ही कामं त्याने केली. २०१५मध्ये ‘सर’ किताब मिळाला. त्याआधी मुक्त विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेल्या लेनीने २०१८मध्ये डॉक्टरेटही मिळवली. प्रसारमाध्यमांत कृष्णवर्णीयांना पडद्यावर आणि पडद्यामागे जागा मिळावी, हा आग्रह त्याने सातत्याने धरला.

विनोदी नट गंभीर भूमिकेत उतरला की आपण त्याला ‘बढती’ मिळाल्यासारखं बोलतो. लेनीच्या बाबतीत ते अपुरं आहे. दुसऱ्यांच्या मिन्स्ट्रेल शोमध्ये सुरुवात केलेल्या या माणसाने २०२३मध्ये ‘ऑगस्ट इन इंग्लंड’ हे कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या ‘विंडरश’ पिढीवरच्या अन्यायाचं नाटक स्वतः लिहिलं आणि रंगमंचावर एकट्याने पेललं. त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कमाई हीच.