पावसाळ्यानंतर रंधा मशीन जॅम झालंय? भंगारात घालण्याआधी हे करून पाहा

नाशिक : चार महिने पाऊस झोडपून जातो आणि दसऱ्याच्या तोंडावर सुतार पत्र्याच्या शेडमधलं मशीन उघडतो. मोटार फिरते, पण टेबल वर-खाली करायचं चाक जागचं हलत नाही. करवतीच्या पात्याशेजारची गाईडही सरकत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या जास्त पावसाच्या तालुक्यांत तर हे ठरलेलंच. मग कोणी चाकाला पाइप अडकवून जोर लावतं आणि चाकच मोडतं. कोणी थेट भंगारवाल्याला फोन करतं. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. दोन दिवस धीर धरला तर जुनं मशीन सुटू शकतं.

टेबल हलत नाही म्हणून आहे त्याच उंचीवर काम रेटणं मात्र धोक्याचं आहे. गाईड तिरकी राहिली की लाकूड पात्यात चेपतं आणि झटक्यात माणसाच्या अंगावर उलटं फेकलं जातं. बोटं जातात ती अशाच वेळी.

जॅम का होतं?

लाकडाचा भुसा हवेतला ओलावा धरून ठेवतो. हा भुसा स्क्रूच्या आट्यांत आणि टेबल सरकण्याच्या खाचेत बसतो. त्यात जुनं ग्रीस असेल तर दोन्ही मिळून चिकट थर तयार होतो आणि तो वाळून घट्ट होतो. बाभूळ, खैर अशा लाकडांत टॅनिन असतं. त्यांचा ओला भुसा लोखंडावर राहिला तर काळे डाग पडतात, गंजही लवकर धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते आणि भाग एकमेकांत अडकतात.

आधी वीज तोडा

नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइट गेलेली असताना बटण चालू राहिलं असेल, तर लाइट येताच मशीन फिरू लागतं. प्लग काढा किंवा मेन स्विच पाडून कटआउट काढून खिशात ठेवा. करवतीचं पातं उतरवा. पात्याच्या नटाचे आटे बऱ्याच मशीनवर उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी ते नीट पाहा. रंध्याची पाती काढता येत नसतील तर त्यांवर जाड गोणपाट बांधा.

लॉक सैल आहे का?

घाईत हेच राहून जातं. टेबल पक्कं धरणारा बोल्ट किंवा मूठ आवळलेली असेल, तर चाक कितीही फिरवा, उपयोग नाही. काही मशीनला खाचेत एक पट्टी आणि तिला बाजूने छोटे स्क्रू असतात. ते किती आटे सैल केले ते खडूने लिहून ठेवा. चाकाची मूळ जागाही खुणेने नोंदवा, मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच.

तेल द्या, मग थांबा

आधी ब्रशने आणि पातळ काडीने भुसा पूर्ण काढा. भुसा राहिला तर तोच तेल पिऊन टाकतो. नंतर आट्यांवर आणि खाचेत गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं पातळ मशीन ऑइल मिसळून थेंब थेंब सोडा. रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा द्या. तेलाची चिंधी भुशाच्या ढिगात टाकू नका आणि जवळ बिडी-काडी नको.

ठोका, पण बेतानं

जुन्या मशीनचं टेबल आणि चाक बहुतेक बिडाचं असतं. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. म्हणून लोखंडी घण नको. लाकडी हातोडी किंवा मध्ये लाकडाचा तुकडा धरून स्क्रूच्या आजूबाजूला हलकं ठोका. हादऱ्याने गंज सुटतो आणि तेल आत उतरतं. मग चाक थोडं उलटं, थोडं सुलटं असं फिरवा. एकाच दिशेने रेटू नका. पाव इंच हललं तरी काम झालं समजा. पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे.

गॅसची ज्योत लावणं टाळा. बीड एकाच जागी तापलं की तडा जातो, शिवाय तेल आणि भुसा पेट घेतात. तरीही सुटलं नाही तर लेथवाल्याकडे न्या. स्क्रू मोडून नवा करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सुटल्यावर ग्रीस लावू नका

आटे तारेच्या ब्रशने घासा, डिझेलने धुवा, कोरडे पुसा. टेबलावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. उघड्या भागांना ग्रीस लावलं तर भुसा पुन्हा चिकटतो. त्याऐवजी पांढऱ्या मेणबत्तीचं मेण घासा किंवा ग्रॅफाइट पावडर लावा. बेअरिंगचं ग्रीस मात्र वेगळं, ते लागतंच.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पात्याचा एक दात खुणेचा धरून गाईडपासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजा, ते सारखं हवं. रंध्याच्या मागच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवून डोकं हाताने फिरवा, पात्याची धार पट्टीला जेमतेम घासायला हवी. पात्यावरचं गार्ड परत बसवा आणि मगच वीज जोडा.

नवं घ्यायचंच असेल तर

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंतचं कर्ज 5 टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. पण कर्ज शेवटी फेडावंच लागतं. चालू शकणारं मशीन आधी वाचवलेलं बरं.

पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा चाक पूर्ण वर-खाली फिरवा आणि भुसा झाडा. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की हळदकुंकवाचं पाणी टेबलावर तसंच राहू देऊ नका. कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा हात फिरवा.