सहा शिंगांचे भाऊबंद

आखाडा बाळापूरच्या शिवारात हरभरा वर आला की हरणांचे कळप पिकात शिरतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. हे 'हरीण' म्हणजे बहुधा काळवीट. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते चितळापेक्षा बैलाला अधिक जवळचे आहे. त्याची खूण म्हणजे शिंग.

बैलाचे शिंग मोडले की वरची पोकळ खोळ निघून येते व आतला रक्ताळलेला हाडाचा गाभा उघडा पडतो. खोळ केराटिनची, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याची असते. ती आपणहून गळत नाही आणि तिला फाटेही फुटत नाहीत. काळविटाचे शिंग याच जातीचे. चितळ-सांबराची शिंगे मात्र निव्वळ हाडाची, फाटे असलेली व गळून पुन्हा उगवणारी असतात.

उत्तर अमेरिकेतील प्राँगहॉर्न या दोन्ही गटांत बसत नाही. त्याच्या शिंगाला हाडाचा गाभा व केराटिनची खोळ असते. पण खोळीला फाटा असतो आणि ती दर वर्षी गळते. गाभा कायम राहतो व त्यावर नवी खोळ तयार होते. त्याच्या कुळातील ही एकच जाती आज जिवंत आहे. तिचे सर्वांत जवळचे हयात नातलग म्हणजे जिराफ व ओकापी.

एके काळी हे कुळ फार मोठे होते. सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी फ्लोरिडात राहणाऱ्या हेक्सामेरिक्सच्या प्रत्येक डोळ्यावरच्या शिंगाला तीन शाखा होत्या. म्हणजे एकूण सहा टोके. स्टॉकोसेरॉसला चार टोके होती. आपल्या चौशिंग्यालाही चार शिंगे असतात, पण ती चारही स्वतंत्र उगवतात. स्टॉकोसेरॉसमध्ये एकाच बुंध्याच्या दोन शाखा होत. नेवाडातील इलिन्गोसेरॉसची शिंगे तर काळविटासारखी पिळदार होती. दोघांचे कूळ वेगळे, खंड वेगळे. तरीही आकार सारखा. अशा साम्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

येथे एक सावधगिरी हवी. खोळ कुजून जाते. जीवाश्म म्हणून सहसा गाभाच उरतो. प्राँगहॉर्नचा गाभा चपटा, बिनफाट्याचा असतो. म्हणजे हा प्राणीही नष्ट झाला असता, तर केवळ हाडावरून त्याच्या फाट्याची व दर वर्षी गळणाऱ्या खोळीची कल्पना आपल्याला आली नसती. बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी ही जाती काही हजारांवर आली होती. संरक्षणामुळे ती वाचली, आणि तिच्याबरोबर सगळ्या कुळाची शिंगे समजून घेण्याची किल्लीही वाचली.

वर्गात हा धडा देण्यासाठी बैलाच्या शिंगाची जुनी खोळ पुरेशी आहे. काळविटाचे वा चितळाचे शिंग मात्र कोणी आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगणे गुन्हा ठरू शकते. खोळ हातात देऊन विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: यातले मातीत काय उरेल, आणि काय कायमचे हरवेल?