सेवाज्येष्ठतेची यादी आणि राखीव वैमानिक

अमेरिकेतील प्रवासी विमान कंपन्यांमध्ये वैमानिकाचे वेळापत्रक त्याच्या कौशल्यावर, उड्डाणाच्या एकूण तासांवर किंवा वरिष्ठांच्या मतावर ठरत नाही. ते ठरते कंपनीच्या सेवाज्येष्ठता यादीतील त्याच्या क्रमांकावर. तो कोणत्या शहरातून कामाला सुरुवात करील, कोणत्या प्रकारचे विमान उडवील, उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून बसेल की डाव्या आसनावर कॅप्टन म्हणून, त्याला रजा जुलैत मिळेल की फेब्रुवारीत, आणि नाताळच्या रात्री तो घरी असेल की परगावच्या हॉटेलात, या सगळ्यांचे उत्तर त्या एका क्रमांकात असते. सेवाज्येष्ठता यादी महाराष्ट्रातील शिक्षकांना किंवा सरकारी कर्मचाऱ्यांना नवी नाही. मात्र त्यांच्याकडे ती बढतीच्या, बदलीच्या किंवा अतिरिक्त ठरण्याच्या वेळी बाहेर काढली जाते, तर अमेरिकी वैमानिकाच्या आयुष्यात ती दर महिन्याला उघडली जाते आणि तिच्या सर्वांत खालच्या टोकाला असलेल्यांच्या वाट्याला येते ते राखीव कर्तव्य, म्हणजेच 'रिझर्व्ह'.

ही व्यवस्था सर्वांत तीव्रतेने जाणवते ती प्रादेशिक विमान कंपन्यांमध्ये. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट, एन्डेव्हर ही नावे प्रवाशांना फारशी परिचित नसतात, कारण त्यांच्या विमानांवर 'अमेरिकन ईगल', 'डेल्टा कनेक्शन' किंवा 'युनायटेड एक्सप्रेस' असे मोठ्या कंपनीचे नाव रंगवलेले असते. तिकीट मोठी कंपनी विकते, वेळापत्रक तीच आखते, आणि विमान व कर्मचारी पुरवण्याबद्दल प्रादेशिक कंपनीला ठरलेला मोबदला देते. ही विमाने साधारणपणे ५० ते ७६ आसनांची असतात. ७६ ही वरची मर्यादा तांत्रिक नसून मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी आपले काम बाहेर जाऊ नये म्हणून करारात घालून घेतलेल्या अटीतून आलेली आहे. लहान शहरांतून मोठ्या विमानतळापर्यंत प्रवासी आणून सोडणे हे या कंपन्यांचे काम, त्यामुळे त्यांचा वैमानिक एका दिवसात चार-पाच छोटी उड्डाणे करतो, आणि सकाळच्या एका विलंबाची किंमत संध्याकाळपर्यंत मोजावी लागते.

क्रमांक मिळण्याची रीत सोपी आहे. वैमानिक ज्या दिवशी कंपनीत रुजू होतो, त्या दिवशी तो यादीच्या तळाशी जातो. एकाच दिवशी एकाच तुकडीत रुजू झालेल्यांमध्ये काही कंपन्या वयाने मोठ्या असलेल्यास वर ठेवतात, तर काही चक्क चिठ्ठ्या टाकतात. पुढे वर सरकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वरच्यांपैकी कोणीतरी निवृत्त होणे, नोकरी सोडणे किंवा वैद्यकीय दाखला गमावणे. दर महिन्याला प्रत्येक वैमानिक आपली पसंती संगणकावर नोंदवतो, आणि यंत्रणा यादीतील पहिल्या क्रमांकापासून एकेकाची पसंती पुरवत खाली येते. ज्याला महिनाभराचे ठरलेले वेळापत्रक मिळते तो 'लाईन होल्डर' म्हणवला जातो. वाटप संपते तेव्हा लाईनही संपलेल्या असतात, आणि जे उरतात ते राखीवावर जातात.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. वैमानिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो संपूर्ण यादीतील क्रमांक नव्हे, तर त्याच बेसवर, त्याच विमानावर आणि त्याच आसनावर काम करणाऱ्यांमध्ये तो कितवा लागतो हे. बेस म्हणजे ज्या विमानतळावरून त्याचे काम सुरू होते आणि जेथे संपते ते ठिकाण. न्यूयॉर्कसारख्या महागड्या आणि गर्दीच्या बेसवर राहण्यास ज्येष्ठ वैमानिक सहसा उत्सुक नसतात, म्हणून तेथे नवख्यालाही लवकर लाईन मिळू शकते. उलट ज्या शहरात घर परवडते आणि शाळा चांगल्या आहेत, तेथे तोच वैमानिक वर्षानुवर्षे राखीवावर अडकून पडू शकतो. म्हणजे ज्येष्ठता हे एक प्रकारचे चलन आहे, आणि ते हव्या त्या शहरावर खर्च करावे की हव्या त्या वेळापत्रकावर, हा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा असतो.

ही व्यवस्था इतकी यांत्रिक का, याचे उत्तर इतिहासात आहे. 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' ही संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली, आणि रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये केलेला श्रमविषयक कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला. रेल्वेत ज्येष्ठतेची परंपरा आधीपासून रुजलेली होती. वैमानिकांना तिचे आकर्षण वाटण्याचे एक सबळ कारण होते. खराब हवामानात उड्डाण करण्यास नकार देणाऱ्या वैमानिकाला चांगले मार्ग नाकारून किंवा बढती रोखून शिक्षा करणे व्यवस्थापनाला सोपे होते. क्रमांकच सर्व काही ठरवू लागला की ही मोकळीक उरत नाही. गुणवत्तेचा विचारच न करणारी पद्धत अन्यायकारक आहे असा आक्षेप बाहेरून नेहमी घेतला जातो, पण ज्या व्यवसायात 'आज जाणार नाही' असे म्हणता येणे हाच गुणवत्तेचा मोठा भाग आहे, तेथे साहेबाच्या मर्जीपेक्षा रुजू होण्याची तारीख अधिक सुरक्षित मानली गेली, तर त्यात फारसे नवल नाही.

तरीही या पद्धतीने अनिश्चितता नाहीशी होत नाही, ती फक्त खाली ढकलली जाते. शिकागोत हिमवादळ येते, उन्हाळ्यात अटलांटा किंवा शार्लटवर दुपारचे गडगडाटी ढग जमतात, कोणी आजारी पडतो, कोणाचे कामाचे कायदेशीर तास विलंबामुळे संपून जातात. अशा प्रत्येक वेळी कोणीतरी बदली माणूस तयार असावाच लागतो. त्यासाठी कंपनी वैमानिकाचा केवळ उडण्याचा वेळ नव्हे, तर वाट पाहण्याचा वेळही विकत घेते.

राखीव कर्तव्याचे तीन प्रकार आहेत. 'लाँग कॉल'वर असलेल्या वैमानिकाला हजर होण्याआधी किमान दहा तासांची विश्रांती मिळेल एवढी पूर्वसूचना द्यावी लागते, आणि अनेक करारांत ही मुदत बारा तास किंवा त्याहून अधिक असते. म्हणून तो आपल्या गावी, आपल्या घरी थांबू शकतो. 'शॉर्ट कॉल'वर असलेल्याला मात्र फोन आल्यापासून साधारण दोन-तीन तासांत विमानतळावर पोहोचावे लागते, त्यामुळे तो बेसच्या आसपासच राहतो. तिसरा प्रकार विमानतळावरच गणवेशात बसून राहण्याचा. शेवटच्या क्षणी वैमानिक कमी पडला तर हाच माणूस दरवाजातून आत जातो.

४ जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत लागू झालेल्या 'भाग ११७' या विश्रांतीविषयक नियमांनी या तिन्हींना निराळे मोजमाप दिले. विमानतळावर बसून काढलेला सगळा वेळ कामाचाच धरला जातो. शॉर्ट कॉलची उपलब्धता एका वेळी १४ तासांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि नेहमीच्या दोन वैमानिकांच्या उड्डाणासाठी वाट पाहण्याचे व प्रत्यक्ष कामाचे तास मिळून १६ तासांच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे पहाटे चारपासून उपलब्ध असलेल्याला दुपारी दोनला बोलावले, तर त्याचे काम रात्री आठच्या आत आटोपावे लागते. याशिवाय कोणत्याही सलग १६८ तासांत, म्हणजे सात दिवसांत, एकदा सलग ३० तासांची सुट्टी आणि २८ दिवसांत जास्तीत जास्त १०० तासांचे उड्डाण, या मर्यादा राखीव आणि लाईनवरील अशा सर्वांनाच आहेत. फोनजवळ बसून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे, ही साधी गोष्ट नियमाच्या भाषेत स्पष्ट उतरली, हे या बदलाचे खरे महत्त्व.

पैशांचा विचार केला तर चित्र थोडे उलटे दिसते. अमेरिकी वैमानिकाला तासावर वेतन मिळते, आणि तास मोजला जातो तो विमान दरवाजापासून निघाल्यापासून पुन्हा दरवाजाला लागेपर्यंत. राखीव वैमानिकाला मात्र महिन्याची किमान हमी असते. ती बहुतेक ठिकाणी ७५ तासांच्या आसपास आहे. महिनाभरात २० तासच उडावे लागले तरी ७५ तासांचे पैसे मिळतात, त्यामुळे बेसच्या गावातच राहणारे काही ज्येष्ठ वैमानिक जाणूनबुजून राखीव मागतात. ज्याचे घर बेसपासून हजार किलोमीटरवर आहे, त्याला मात्र हेच काम जड जाते.

घर एका राज्यात आणि बेस दुसऱ्या राज्यात असलेले वैमानिक अमेरिकेत असंख्य आहेत. ते दुसऱ्या विमानाच्या रिकाम्या आसनावर किंवा कॉकपिटमधील जादा आसनावर, ज्याला 'जंप सीट' म्हणतात, बसून कामावर येतात. ती जागा मिळेलच याची खात्री नसते, म्हणून एक विमान चुकले तरी दुसरे मिळावे अशा बेताने आदल्या दिवशीच निघतात. बेसजवळ आठ-दहा जण मिळून एक घर भाड्याने घेतात, त्याला 'क्रॅश पॅड' असे काहीसे अशुभ नाव आहे. नवख्याचा पगार आणि न्यूयॉर्क परिसरातील भाडे यांचा मेळ बसत नसे, तेव्हा हे सारे अपरिहार्यच होते.

या परिस्थितीकडे देशाचे लक्ष वळले ते १२ फेब्रुवारी २००९ रोजी. नेवार्कहून बफलोला निघालेले कोल्गन एअरचे ३४०७ हे उड्डाण विमानतळापासून थोड्या अंतरावर एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. वेग कमी झाल्याच्या इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे चौकशीत निघालेले मुख्य कारण. पण त्याच चौकशीत हेही पुढे आले की सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून देश ओलांडून कामावर पोहोचली होती, आणि दोघांनीही नेवार्कच्या कर्मचारी कक्षातच विसावा घेतला होता. तिच्या तुटपुंज्या वेतनाची चर्चा सार्वजनिक सुनावणीत झाली. २०१० च्या कायद्याने त्यानंतर सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांचा अनुभव सक्तीचा केला, आणि विश्रांतीचे नवे नियमही याच कायद्यातून आले. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास मात्र आजही कामाच्या तासांत धरला जात नाही. थकलेला असल्यास तसे सांगण्याची जबाबदारी वैमानिकावरच आहे.

क्रमांकाविषयीची दुसरी कठोर गोष्ट अशी की तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन नव्या कंपनीत गेला की तेथे कालच्या पंचविशीतल्या मुलाच्या खाली बसतो. सर्व कंपन्यांची मिळून एकच यादी असावी ही कल्पना अनेकदा मांडली गेली, पण ज्यांचा क्रमांक वर आहे त्यांना ती कशी पटावी? प्रादेशिक कंपन्यांत हा धोका अधिक आहे, कारण त्यांचे अस्तित्व मोठ्या कंपनीच्या करारावर अवलंबून असते. कोमएअर २०१२ मध्ये बंद झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास, तर त्याच वर्षी सप्टेंबरअखेर एक्सप्रेसजेट थांबली. त्या दिवशी तेथील प्रत्येक क्रमांकाची किंमत शून्य झाली.

कंपन्या एकत्र येतात तेव्हा दोन याद्या एकात कशा गुंफायच्या हा प्रश्न तर विलीनीकरणापेक्षाही चिवट ठरतो. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या, लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये निवाडा दिला, आणि तो मान्य नसलेल्या वैमानिकांनी संघटनाच बदलून टाकली. त्यांचे भांडण पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत चालले. मुंबईकरांना याचा देशी अवतार आठवत असेल. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे २००७ मध्ये विलीनीकरण झाल्यावर बढतीची पायरी आणि नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून वाद पेटला, न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डच्या वैमानिकांनी मे-जूनमध्ये दीर्घ संप केला.

जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमाँट, एन्व्हॉय आणि पीएसए यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन तात्पुरत्या वाढीसह तासाला ९० डॉलरवर नेले, आणि इतर प्रादेशिक कंपन्यांनाही वेतन वाढवणे भाग पडले. महासाथीत अनेकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली होती, मोठ्या कंपन्या भराभर भरती करीत होत्या, आणि प्रादेशिक कंपन्यांतील अनुभवी कॅप्टन त्यांच्याकडे निघून जात होते. येथे ज्येष्ठता आणि राखीव यांच्या मिश्रणातून एक विचित्र पेच उभा राहिला. लाईन मिळवलेला ज्येष्ठ सहवैमानिक कॅप्टन झाला की तो कॅप्टनांच्या यादीत सर्वांत खाली जातो, म्हणजे पुन्हा राखीवावर, पुन्हा सणासुदीच्या दिवशी फोनजवळ. पगार वाढतो, पण शनिवार-रविवार जातात. पुष्कळांनी हा व्यवहार नाकारला. मोठ्या कंपन्यांतही तेच घडले, युनायटेडमध्ये २०२३ च्या सुमारास कॅप्टनच्या कित्येक जागांना अर्जदार मिळाले नाहीत.

शिवाय प्रवासी कंपनीत कॅप्टन होण्यासाठी अशा सेवेचा १००० तासांचा अनुभव लागतो. महिन्याला ८० तास उडणाऱ्याला तो वर्षभरात मिळतो. राखीवावर बसून ३० तासच मिळणाऱ्याला पावणेतीन वर्षे लागतात. कॅप्टन कमी असल्याने उड्डाणे रद्द होतात, उड्डाणे रद्द झाल्याने नवखे सहवैमानिक घरी बसतात, आणि त्यांचे तास न भरल्याने नवे कॅप्टन तयार होत नाहीत. या साखळीतून सुटण्यासाठी काही प्रादेशिक कंपन्यांनी बाहेरून अनुभवी वैमानिक थेट कॅप्टन म्हणून घेतले. त्यांना डावे आसन पहिल्या दिवसापासून मिळाले, पण सेवाज्येष्ठता यादीत त्यांचे नाव त्या दिवशीच्या शेवटच्या सहवैमानिकाच्याही खालीच लिहिले गेले, आणि लाईन वाटपात त्यांची पाळी आली तेव्हा शिल्लक होते ते राखीवाचेच दिवस.